रावजीचं गाळलेलं तेल

रावजीला अख्खं सोलापूर मिस्त्री म्हणायचं. मी कधी म्हटलं नाही. होटगी रस्त्यावर त्याच्या गाड्यांचं तेल बदलायच्या खड्ड्याच्या अगदी समोर माझं स्पेअर पार्टचं दुकान होतं, त्यामुळे सकाळी शटर वर केलं की पहिलं दर्शन त्याचंच. पांढरी विजार, पांढरा सदरा, चापून बसवलेले केस. गाडीखाली काम करणाऱ्या माणसाचे कपडे संध्याकाळपर्यंत पांढरे राहतात, यातच खरं तर सगळं आलं. पण लोक म्हणायचे, मिस्त्री मोठा टापटिपीचा आहे.

तो मूळचा माळशिरसकडचा. उसाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून फिरत फिरत सोलापुरात आला आणि एका गॅरेजात चिकटला. तिथे इंजिनाला हात लावायची मुभा त्याला कधी मिळाली नाही. गाडीखाली सरपटत जाऊन जुनं तेल सोडायचं आणि नवं भरायचं, एवढं एकच काम तो शिकला. गॅरेजवाल्याने हाकलल्यावर त्याने माझ्या दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली गाडी उभी राहील एवढा खड्डा खणला, मागे पत्र्याची खोली उभी केली आणि पाटी लावली: ‘येथे गिअरचे व डिफरन्शियलचे तेल बदलून मिळेल.’

त्या काळात नवी गाडी नंबर लावूनही वर्षानुवर्षं मिळत नसे. सोलापूरच्या पैसेवाल्यांकडे यायच्या त्या पुण्या-मुंबईकडे दोघातिघांनी वापरून सोडलेल्या फियाटी आणि अँबॅसिडर. अशी गाडी घेतलेला माणूस कायम धास्तावलेला असतो. कुठे खुट्ट वाजलं की गाडी थांबवून खाली वाकतो. गाडी जुनी घेतली की गिअरबॉक्सचं आणि मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचं तेल आधी बदलून घ्यावं, हे अगदी खरं. आधीच्या मालकाने काय भरलं होतं आणि कधी, कुणाला ठाऊक? पण कामात अवघड काही नाही. गाडी थोडी फिरवून आणायची म्हणजे तेल पातळ होतं. खाली भांडं ठेवून बोल्ट सोडायचा, बोल्टला लोखंडाचा चुरा किती चिकटलाय ते बघायचं, आणि वरच्या भोकाच्या काठाला येईपर्यंत नवं तेल भरायचं.

रावजीने याचा तमाशा केला होता. तो तेलाचा एक थेंब दोन बोटांत घ्यायचा, चोळायचा, हुंगायचा, आणि मग घरात कुणी गेल्यासारखं तोंड करून मालकाकडे बघायचा.

“साहेब, ह्याला तेल म्हनायचं न्हाय. ह्ये इख हाय. अजून चार दिस गाडी चालली असती, तर रस्त्यात मेली असती बगा.”

साहेबांचा चेहरा पडायचा. मग रावजी खोलीतून शिलबंद डबा आणायचा, साहेबांच्या हातात देऊन शील बघायला लावायचा आणि त्यांच्यासमोर तो फोडायचा. साहेब खूश. आपल्या डोळ्यांदेखत नवं तेल पडलं म्हणून जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून जायचे.

मी तेलच विकत होतो. त्यामुळे रस्त्यापलीकडे रोज एवढं नवं तेल खपतंय आणि हा माणूस माझ्याकडून वर्षाकाठी जेमतेम डबा-दोन डबे नेतोय, हे मला दिसत होतं. दुसऱ्या कुठल्या दुकानातूनही नेत नव्हता. मी विचारून बघितलं होतं. शिवाय शिलबंद डब्याच्या कानाजवळ एक पोचा होता. तोच डबा, तोच पोचा, आणि प्रत्येक वेळी नवं शील. डब्याच्या बुडाला भोक पाडून आत तेल भरायचं, भोकाला कथलाचा डाग देऊन ते बुजवायचं, वर शील बसवायचं. मी चारदोन गिऱ्हाइकांना सांगितलं. त्यांना वाटलं, समोरच्याचा धंदा चालतोय म्हणून शिवयोगीच्या, म्हणजे माझ्या, पोटात दुखतंय.

डब्यात जायचं ते तेल कालच्या गाडीतून काढलेलं असायचं. एकाच्या गाडीतलं दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्यातलं तिसऱ्याच्या. ते गाळायचं काम त्याची बायको सोजरबाई करायची. खोलीच्या मागे पत्र्याआड ती दिवसभर बसलेली असायची. रात्रभर निवळायला ठेवलेलं तेल जुन्या धोतराच्या तुकड्यातून पिळून काढायचं, चुरा चिंधीत धरायचा, वरचं तेल मडक्यात. तिचे हात कोपरापर्यंत काळे, आणि काळ्याखाली खरजेने फुटलेले. विहिरीवरच्या बायका तिला आपल्या घागरीला शिवू देत नसत.

आणि हा पांढऱ्या सदऱ्यातला माणूस तिच्या हातची भाकरी खात नव्हता. तेलाचा वास येतो म्हणायचा. दुपारी खानावळीत जाऊन जेवायचा, कोपऱ्यावर पान खायचा आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकून सांगायचा, “अण्णा, बाईमानसाला टापटीप पायजे. आमचं नशीबच खोटं.”

मी त्याला पायरीवरून उठवायचो. तेवढंच माझ्या हातात होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पाठोपाठ तेलाची टंचाई आली. पेट्रोल महागलं, गिअर ऑइलचे डबे माझ्याकडेही येईनासे झाले. सगळ्या मिस्त्र्यांनी हात टेकले, एकट्या रावजीकडे तेलाला तोटा नव्हता. त्याचं नाव आणखी झालं. लोक म्हणाले, मिस्त्रीची मुंबईत ओळख आहे.

मंद्रूपची गोजरबाई त्याच सुमारास त्याच्याकडे आली. मंद्रूप-सोलापूर अशी तिची जुनी अँबॅसिडर भाड्याने चालायची. गाडी चालवायचा नवरा, भीमा. पण गाडी गोजरबाईची. पुढच्या सीटवर बसून पैसे घ्यायची ती, आणि मागे किती माणसं कोंबायची ते ठरवायचीही तीच. भीमा शांत माणूस, तिने ‘थांब’ म्हटलं की ब्रेक मारायचा. गावात तिचा करडईचा बैलघाणा होता. गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल अडवणारं रबरी सील गळायला लागलं, तेल कुठे मिळेना, आणि भाडं तर सोडवेना. तेव्हा तिने सरळ घाण्यावरचं करडईचं तेल आणून गिअरबॉक्समध्ये ओतलं. दोनतीनदा ओतलं. कशीबशी गाडी सोलापुरात आणली, रावजीच्या खड्ड्यावर भीमाकडून सील बदलून घेतलं, रावजीला आतलं सगळं तेल काढून टाकायला लावलं आणि त्याचं ‘नवं’ तेल भरून ती परत गेली.

त्या दिवशी तिच्या मागे रांगेत गुरप्पाशेठ सुतवाल्यांची फियाट उभी होती. गुरप्पाशेठ म्हणजे साखर पेठेतलं बडं प्रस्थ. सुताच्या गाठीत बोट घालून भेसळ ओळखतो अशी बढाई मारायचे. फियाट पुण्याच्या एका डॉक्टरची, नुकतीच घेतलेली. तिच्या डिफरन्शियलचं तेल बदलायचं होतं, पण त्या दिवशी नंबर लागला नाही. रावजी म्हणाला, परवा या. परवा शेठ आले, शील तपासलं, मान डोलावली आणि तेल भरून घेऊन गेले.

महिनाभरात गाडी मागून रडायला लागली. आधी बारीक, मग दोन गल्ल्यांना ऐकू जाईल अशी. शेठनी काय करावं? रावजीला विचारलं. तो म्हणाला, “नवं तेल मुरतंय, शेट. आवाज येनारच.” शेठना ते पटलं. लेकीची सुपारी फोडायला ते घरच्या चार माणसांना घेऊन विजापूरकडे निघाले, आणि मंद्रूपच्या अलीकडे मागच्या चाकांमध्ये काहीतरी कडाडलं आणि गाडी जागच्या जागी बसली.

पुढचं मला भीमाने सांगितलं. तो आणि गोजरबाई मंद्रूपहून रिकामे येत होते. थांबले. भीमा गाडीखाली गेला. डिफरन्शियल हात लावू देत नव्हतं इतकं तापलेलं. निवल्यावर त्याने बोल्ट सोडला, आणि तेल पडायच्या ऐवजी पिवळट-काळा राळेसारखा चिकटा लोंबायला लागला. त्यात क्राउनचे, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचे, तुटलेले दात. भीमा काही बोलायच्या आत गोजरबाई खाली वाकली.

“ह्यो वास कशाचा?” ती म्हणाली. तिने बोट बुडवून ओढलं, तार निघाली. “भजी तळल्यावर कडईच्या काठाला असंच धरतंय. ही करडई हाय. शेट, गाडीत करडई कुनी घातली तुमच्या?”

“काय बोलता बाई? शिलबंद तेल आहे. रावजी मिस्त्रीने माझ्यासमोर भरलंय.”

“कवा?”

शेठनी सांगितलं. गोजरबाईने भीमाकडे बघितलं. भीमा हळूच म्हणाला, “आपली गाडी खड्ड्यावर हुती, तवा शेटची मागंच हुबी हुती की.”

गोजरबाईने शेठच्या मंडळींना आपल्या गाडीतून विजापूरला पोचवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो चिकटा एका वाटीत घेऊन रावजीच्या खड्ड्यावर हजर झाली. गुरप्पाशेठही आले, पण टांग्यातून उतरले नाहीत. गर्दी जमायला वेळ लागला नाही. मीही दुकान सोडून रस्ता ओलांडला.

“शेटच्या गाडीत काय भरलंस?” गोजरबाईने विचारलं.

“नव्वद नंबरचं गिअर ऑइल. शेटनी सोता शील बगितलंय.”

“मग हे काय?”

रावजीने वाटी हुंगली. हसला. “गाडी तापली की असा वास येतूच. तुमाला गाडीतलं काय कळतंय, बाई?”

“गाडीतलं न्हाय कळत. माज्या घाण्यातलं कळतंय. माज्या गाडीतनं काडलेलं तेल ह्येंच्या गाडीत घातलंस का न्हाय, तेवढं सांग.”

रावजी गर्दीकडे वळला. “बगा की राव, आता बायका मिस्त्र्याला शिकवाया लागल्या.” दोघेतिघे हसलेही. अशा वेळी हसणारे दोघेतिघे कुठेही सापडतात.

तेवढ्यात पत्र्याआडून सोजरबाई बाहेर आली. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. तिच्या हातात मडकं होतं आणि खांद्यावर ते धोतराचे काळे तुकडे. तिने सगळं गोजरबाईच्या पायाशी ठेवलं.

“मी गाळते,” ती म्हणाली. “रोज गाळते. तुमच्या गाडीचं तेल गाळताना मला तळनीचा वास आला. मी म्हनलं, ह्ये येगळं ठिवा. तर ह्ये म्हनले, तेलात तेल, काय फरक पडतूय.”

रावजीचा चेहरा क्षणभर उतरला, आणि लगेच त्याला वाट सापडली.

“बगितलं का?” तो ओरडला. “हिचं काम हाय ह्ये! मी नवं तेल आनून द्यायचो, हिनं माज्या माघारी अदलाबदल केली. नवं इकून खाल्लं आसंल. मला काय ठावं?”

मी त्या माणसाला आधीपासूनच कमी लेखत होतो. पण तो इतका खाली जाईल असं मलाही वाटलं नव्हतं. तिचे ते हात सगळ्यांच्या समोर होते, आणि याचा सदरा. सोजरबाई रडली नाही, भांडलीही नाही. तिने त्याच्याकडे असं बघितलं, जसं आपण चिंधीत उरलेल्या चुऱ्याकडे बघतो, आणि गोजरबाईला विचारलं, “बाई, तुमच्या घाण्यावर कामाला मानूस लागतंय का?”

“लागतंय की. चल.”

ती आत गेली, एक गठुडं घेऊन आली आणि अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. भीमाने गाडी सुरू केली तसा रावजी धावत आडवा आला. काकुळतीने ओरडला:

“अगं, आन् तेल कोन गाळंल?”

सगळा होटगी रस्ता हसला. टांगेवाला हसला, जे दोघेतिघे आधी हसले होते तेही हसले. गुरप्पाशेठ टांग्यातूनच म्हणाले, “मला या माणसाची आधीपासून शंका होती.” त्यांना काडीची शंका नव्हती. त्यांनी पोलिसांत तक्रारही केली नाही. सुतवाल्याला तेलवाल्याने फसवलं हे पेठेत कळायला नको होतं. इतर गिऱ्हाइकांचंही तेच. ज्याला त्याला आपण शहाणे होतो एवढंच सांगायचं होतं. त्यातले दोघे तर पुढेही कित्येक दिवस रावजीकडेच जात राहिले, कारण समोरच माझं दुकान होतं आणि मी सांगितलं ते खरं होतं हे माझ्या डोळ्यांदेखत कबूल करणं त्यांना जड होतं.

पण गाळायला बाई नव्हती. रावजीने एकदोनदा स्वतः गाळून बघितलं. सदरा मळला, हातांना खाज सुटली, आणि महिन्या-दीड महिन्यात त्याने खड्ड्यावर फळ्या टाकल्या. मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी तो तिला आणायला गेला होता म्हणे. सोजरबाई घाण्याच्या बैलामागे चालत होती. चालता चालताच तिने सांगितलं, “येत न्हाय.” तो उंबऱ्यात उभा राहिला, बैलाचे दोनचार फेरे झाले तरी तिने वर बघितलं नाही, तेव्हा परत आला. ती तिथेच राहिली. पुढे गोजरबाईने आठवडी बाजारातलं तेलाचं दुकान तिच्यावर सोपवलं, आणि ती मापाला पक्की निघाली असं भीमा सांगायचा.

रावजीला मी त्यानंतर एकदाच पाहिलं, सांगोल्यात. पाऊस नव्हता, गावात टँकर फिरत होते. एका टँकरवर तो क्लीनर होता. नळीचं तोंड धरून उभा, आणि घागरी घेऊन आलेल्या बायकांवर खेकसत होता. सदरा अजून पांढराच. मला बघून नळी तशीच सोडून आला. पाणी मातीत वाहत राहिलं आणि ड्रायव्हर शिव्या देत राहिला.

“अण्णा,” तो म्हणाला, “एकादा जुना जॅक आसला तर द्या की. हितं लई वाव हाय. हितल्या लोकास्नी तेलातलं काय सुदिक कळत न्हाय.”

माझी एसटी लागली आहे असं सांगून मी स्टँडकडे वळलो. एसटी लागायला अजून बराच वेळ होता.