चोविसाचे पंचवीस

ज्या चुकीपायी माझ्या साडभाऊंना देऊळगाव राजा सोडावे लागले ती त्यांची नव्हती, माझी होती, हे मी पुष्कळ वर्षे लपवून ठेवले. आणि चूक तरी कुठल्या विषयातली? जो विषय त्यांच्याइतक्या जिव्हाळ्याने समजावून सांगणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, त्याच विषयातली.

साडभाऊ म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मूळचे धामणगाव बढ्याचे. आमच्या महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवीत असे आणि ते संगणक. माझी नोकरी कायम, त्यांची मात्र दर वर्षी नव्याने मिळायची. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढण्याचा तो काळ. साडभाऊ तर उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला टेकवीत. इंटरनेटवरचे पत्ते हा त्यांचा ध्यास होता. नव्या सुनेचे औक्षण आटोपण्याआधीच ते तिला विचारीत, "माहेरचा पत्ता सांगा बाई. आधी जिल्हा, मंग तालुका, मंग गाव. घर शेवटी." पाकिटावर मात्र घर आधी आणि जिल्हा शेवटी लिहितात, याचे त्यांना अतोनात दुःख होई. या प्रश्नावर पोस्टमास्तरांशी त्यांचा एकदा असा वाद रंगला की जालन्याची बस टपालाची थैली न घेताच निघून गेली.

पत्त्याच्या टोकाला येणारी तिरपी रेघ आणि तिच्यापुढचा आकडा हा तर त्यांच्या भक्तीचा विषय. एका नातलगाच्या लग्नात पाने मांडलेली पाहून ते उभेच राहिले. "थांबा! वाढू नका बे! पत्ता म्हंजे शून्य-एकाच्या बत्तीस खुणा. रेघेपुढं चोवीस असले, तर पयल्या चोवीस गावाच्या, साऱ्याइच्या सारख्या. उरल्या आठ, त्या घराच्या. आठ खुणाइतून दोनशे छप्पन पानं मांडता येतात. पयलं पान पंगतीच्या नावाचं, शेवटचं साऱ्याइले एकदम हाक मारासाठी. तिथं कोनी बसाचं नाही!" पहिल्या पानावरचे व्याही बिचारे खरोखरच उठले. शेवटच्या पानावरचे नवरीचे मामा मात्र हलेनात. "भाऊ, वरण थंड होऊन राह्यलं. मी हाक बी मारतो न् जेवतो बी." त्या हशात साडभाऊ पुढे सांगतच होते, "आकडा एकानं वाढला का गावाचा भाग लांबते, न् पानं निम्मी होतात." नेमके हेच वाक्य मी बुंदीच्या नादात ऐकले न ऐकल्यासारखे केले.

पुढे महाविद्यालयाची तपासणी ठरली. समितीचे समाधान झाले तर साडभाऊ कायम होणार होते. वरच्या खोलीत नवे संगणक आले. खालच्या जुन्या खोलीतल्या संगणकांचे पत्त्यातले घर-क्रमांक शंभराच्या आत संपत होते. वरच्यांना त्यांनी एकशे तीसच्या पुढचे दिले. साऱ्यांना माहिती पुरवणारा मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, खालीच होता. "एकच पंगत, दोन ओळी," असे म्हणून ते तपासणीच्या दिवशी सकाळी समितीला आणायला जालन्याला गेले. मदत करावी म्हणून मी वर गेलो. रेघेपुढे चोवीस दिसला. संगणक वाढले, तेव्हा आकडाही वाढायला हवा, असे मला वाटले, आणि मोठ्या समाधानाने मी वरच्या प्रत्येक संगणकावर चोविसाचे पंचवीस केले. पंगत मधोमध, एकशे अठ्ठावीसपाशी, तुटली. वरच्यांना खालचा सर्व्हर परगावचा झाला.

समिती आली. वरचा एकही संगणक सर्व्हरशी बोलेना. नवा सफारी घातलेले साडभाऊ मेजांखाली रांगत तारा तपासू लागले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले.  आणि मग साडभाऊंना तो आकडा दिसला.

"हे पंचवीस कोनं केलं?"

समितीच्या मागे उभा असलेला मी चष्मा काढून पुसू लागलो. प्राचार्य म्हणाले, "सर, इथली मांडणी तुमच्याशिवाय कोण करतं?" साडभाऊंनी स्वतःच्या हातांकडे पाहिले आणि ते हळूच म्हणाले, "माह्याच हातून झालं असन."

त्या वर्षी त्यांची नेमणूक झाली नाही. ते पिंपळगाव राजाला जाऊन शिकवण्या घेऊ लागले. मी मनाची समजूत घातली की उदरनिर्वाह चालला आहे, मग बोलून काय उपयोग?

परवा सहकुटुंब त्यांच्याकडे गेलो. सगळे मिळून बाहेर निघताना घराला कुलूप लावून ते पत्नीला म्हणाले, "तू एकदा ओढून पाय वं." मग स्वतः ओढले, पुन्हा तिला ओढायला लावले. अभियांत्रिकीला असलेल्या माझ्या मुलीने वाटेत विचारले, "काका, पत्त्यापुढची ती रेघ नीट सांगा ना. बाबा म्हणतात, तुमच्यासारखं कुणी सांगत नाही." पंगत थोपवणारा तो माणूस खाली पाहत म्हणाला, "पुस्तकात पाय, माय. मले आता नक्की सांगता येत नाही. माह्या हातून चुका होतात."

मी रस्त्यातच थांबलो. दोघी बहिणी वळून पाहू लागल्या.

"भाऊ," मी म्हणालो, आणि आवाज माझा मलाच अनोळखी वाटला, "ते पंचवीस मी केलं होतं. तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं. मी समोर उभा राहून गप्प बसलो. मला माफ करा."