लांबचं बघायचंय

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. गप्प बसणारा माणूस नव्हे मी. सोलापुरात बंद पडलेल्या कारखान्यांतले जुने यंत्रमाग घ्यायचे, दुरुस्त करून विकायचे, हा माझा धंदा. स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला. सौदा फिसकटला की माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. पण ही गोष्ट तोंडाशी आली की मी विषय बदलतो. आज बदलणार नाही.

सुरुवात कुठून करू? अक्कापासूनच करतो. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनं मला तिच्या सासरी नेऊन वाढवलं. स्वतःच्या ताटातलं मला वाढलं — सगळं खरं. आणि हेही खरं, की दहावी झाल्यावर तिनंच दाजींना सांगितलं, ‘‘ह्याला कारखान्यात चिकटवा.’’ तिचा मुलगा पुढं इंजिनिअर झाला. मी माग चालवले. हा सल मी वर्षानुवर्षं जपला. आजही पुरता गेला असं म्हणणार नाही.

भाव करायलाही तिनंच शिकवलं. मंगळवार बाजारात मला बरोबर न्यायची. किंमत पटली नाही की पिशवी उचलायची आणि चालू लागायची. चालता चालता मला दटावायची, ‘‘मागं वळून बगायचं न्हाय. हाक येतीय बग आता.’’ आणि यायचीच — ‘‘ओ मावशी, या की, काय द्यायचं ते बोला!’’ आजही माझा निम्मा धंदा त्या उठून जाण्यावर चालतो.

मग तिच्या खुब्याचं हाड मोडलं आणि अक्का चाकाच्या खुर्चीत आली. दाजी आधीच गेलेले, भाचा परदेशात. तिच्या खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत. एका हिवाळ्यात ती मला म्हणाली, ‘‘बाळू, एकदा लांबचं बगायचंय रं. हितं सगळं जवळचंच दिसतंय.’’

मी चौकशी केली. जेऊरच्या पुढे, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला एक छोटी वाट केली होती. पायऱ्या नाहीत, नीट बसवलेली फरशी, कडेला धरायला कठडा, मध्ये टेकायला बाकडं. चढ इतका सोपा की एकट्यानं खुर्ची ढकलावी. धडधाकट माणूस एक विडी संपायच्या आत वर पोचेल. शेवटी मातीचा उंचवटा. तो ओलांडला की सगळं पाणीच पाणी, आणि थंडीत त्यात उतरलेले फ्लेमिंगो.

त्या दिवशी अक्का इस्त्रीची साडी नेसली होती. गाडीत लहान मुलीसारखी बोलत होती. ‘‘त्यो बग शाळू. कणसं कशी भरल्यात!’’

वाटेवरच्या बाकड्यावर एक म्हातारे बसले होते. त्यांनी विचारलं, ‘‘लेक का तुमचा?’’

‘‘भाऊ हाय धाकटा. लई मोटा व्यापारी झालाय,’’ अक्का म्हणाली. ‘‘म्या शाळंतनं काढला म्हणून झाला. न्हायतर कुटंतरी कारकुनी करीत बसला असता!’’

दोघं हसले. ती कौतुकानंच बोलत होती — मला तेव्हाही ते समजलं होतं. पण माझं डोकं तापलं. म्हातारे खाली निघून गेले, मी खुर्ची ढकलत उंचवट्याच्या पायथ्याशी आणली आणि विचारलं, ‘‘मग तुझ्या पोराला का नाही काढलंस?’’

 ती म्हणाली, ‘‘त्यो तुज्यासारखा न्हवता.’’

मी खुर्चीचा ब्रेक लावला. आणि चालू लागलो.

मागं वळून न बघता उंचवट्याच्या टोकावरच्या एका बाभळीपर्यंत गेलो. तिथून ती मला दिसत होती, आणि पलीकडचं सगळं पाणीही. तिच्या डोळ्यांपुढं काय होतं? माती आणि वाळलेलं गवत. हातभर अंतरावर.

मी हाकेची वाट बघत होतो. नुसती हाक नको होती मला — ‘‘चुकलं माजं, बाळू’’ असं हवं होतं. मी भाव करत होतो. अक्काशी! उठून जायच्या डावात समोरच्यालाही उठून जाता यावं लागतं, नाही का? हे मला त्या वेळी सुचलं नाही, असं सांगू? सुचलं होतं.

तिनं हाक मारली नाही. डाव तिचाच होता, तिला तो कळला नसेल?

सूर्य खाली गेला. मग पाण्यावरून कलकलाट उठला आणि सगळा थवा एकदम पंख उघडून पाण्यालगतच लांब गेला. आवाजाच्या दिशेनं अक्कानं मान वर केली. कठड्याला धरून जरा उठायचा प्रयत्न केला. पुन्हा बसली. डोक्यावरून पदर घेतला.

माझा राग तोवर उतरला होता. हेच सांगायचं होतं मला. राग उतरल्यावरही मी तिथंच उभा राहिलो. अजून हाक येईल म्हणून.

अंधारून आल्यावर गेलो. काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘‘फोन आलता व्हय रं?’’

‘‘हो. धंद्याचा.’’

‘‘मग काय. धंदा आदी.’’

मी खुर्ची वर नेली. पाणी काळं पडलं होतं, पलीकडचा काठही दिसत नव्हता. ‘‘दिसतंय का, अक्का?’’ मी विचारलं.

‘‘दिसतंय की. लई लांबवर दिसतंय.’’

पुढच्या पावसाळ्यात अक्का गेली. दिवसकार्याला तिच्या गल्लीतल्या बायका माझ्याजवळ येऊन डोळे पुसत होत्या. ‘‘किती सांगायच्या हो! माझ्या भावानं खुर्ची ढकलत नेलं, म्हणायच्या. पाखरं अशी उठली, अशी उठली, की आभाळ गुलाबी झालं!’’ त्यातल्या एकीनं मला विचारलं, ‘‘खरंच गुलाबी असतात का हो ती?’’

बसलेली असताना ती पांढुरकी दिसतात. पंख उघडले की आतला रंग दिसतो.

‘‘असतात,’’ मी म्हणालो. मी पाहिली होती, बाभळीखाली उभा राहून.