गोड्या मसाल्याचं लायसन

आखातातल्या खलिफा सिटीतल्या त्या व्हिलाच्या चारही बिऱ्हाडांत २०१० साली एकच बातमी होती: तळमजल्यावरचे वसईचे जोकिम डाबरे गांजाचं लायसन काढून देतात. हळू आवाजात सांगायची आणि सांगून झाल्यावर "आपल्याला काय करायचंय" म्हणायचं, अशा जातीची बातमी.

खरं एवढंच होतं की डाबरे लायसनच्या ऑफिसात बसत. मंदीत बांधकाम कंपनीने घरी पाठवलं, तेव्हा कुठल्या धंद्याला कुठला परवाना लागतो हे लोकांना समजावण्याची ही नोकरी त्यांनी धरली. समोर कोणीही बसो, भुवया कपाळावर चढवून पहिला प्रश्न तोच: "बनवणार, विकणार, की शिकवणार?"

गांजा आला तो वरच्या मजल्यावरच्या अनुपमा सोहोनीमुळे. तिच्या नवऱ्याची, निनादची नोकरी गेली होती आणि व्हिसा संपत आला होता. तिच्या नावावर गोड्या मसाल्याचं लायसन निघालं तर त्यावर घरादाराचा व्हिसा, नाहीतर लेकीची, मुग्धाची शाळा सोडवून पुण्याला परत. म्हणून ती डाबऱ्यांसमोर येऊन बसली.

"विकणार," ती म्हणाली. "म्हणजे कमर्शियल ना, सर?"

"कुटणार कोण?"

"मीच. मिक्सर आहे की घरी."

"मिक्सर फिरला, मॅडम, की फॅक्टरी झाली. इंडस्ट्रियल लायसन. दुसऱ्याने कुटलेला विकला तर कमर्शियल. मसाल्याचे क्लास काढले तर प्रोफेशनल. मुसफ्फा एरियातल्या गिरणीत कुटून घ्या, तुम्ही फक्त विका. खलास!"

अनुपमाचा जीव भांड्यात पडला. मग डाबऱ्यांनी सहज विचारलं, "खसखस भाजून घालता ना?"

"म्हणजे काय! मंद आचेवर. पुण्याहून आणलेली आहे, किलोभर."

डाबरे उठले. दार लावून आले.

"हळू बोला. अफूचं बी ते. इथे बंदी. एअरपोर्टवर सापडलं असतं तर सरळ आत."

"अहो, खसखस आहे ती! अनारशाला लावतो आम्ही!"

"माझी आई पण घालते, आमच्या वसईच्या 'बाटली मसाल्या'त. कस्टमवाल्याला आई नसते, मॅडम."

"मग तिचं वेगळं लायसन काढू या ना."

"अमेरिकेत म्हणे काही ठिकाणी औषधाच्या गांजालाही लायसन आहे. पिकवायचं वेगळं, विकायचं वेगळं. इथे सगळ्याला मिळून एकच, जेलचं. आधी घरी जा आणि ते किलो संडासात ओता."

तिने ओतलं. ओतता ओतता निनादला सगळं ऐकवलं. मुग्धाने ते दुसऱ्या दिवशी स्कूलबसमध्ये आपल्या परीने सांगितलं, "जोकिम अंकल नोज एव्हरीथिंग अबाउट गांजा लायसन्स." पुढचं काम चार बिऱ्हाडांनी केलं.

खरी पंचाईत वेगळीच होती. "खसखशीशिवाय गोडा मसाला म्हणजे धण्याची पूड," अनुपमा रडकुंडीला आली. "मराठी बायका हुंगूनच परत देतील, मग ते लायसन काय भिंतीवर लावू?"

"तीळ वाढवा, खोबरं वाढवा," डाबरे म्हणाले. "गणपतीच्या पंगतीत आमटीला घाला. कोणाला सांगू नका. चालला तर अर्ज करू, इन्शाल्ला."

पंगत बसण्याआधी, शेजारच्या बिऱ्हाडातून हे सगळं ऐकून असलेल्या या ओळी लिहिणाऱ्याने डाबऱ्यांना गाठून पैज लावली, की पहिल्याच भुरक्याला निदान एक तरी काकू "खसखस कुठाय?" म्हणणार. हरेल त्याने आमटीचं पातेलं घासायचं.

काकूंनी भुरका मारला. दुसरी वाटी मागितली. मग "अगं, घरचा ना मसाला? तरीच!" म्हणून अर्धा अर्धा किलोची ऑर्डर दिली. ईदची सुट्टी संपताच अनुपमाने अर्ज केला, लायसन निघालं आणि मुग्धाची स्कूलबस चुकली नाही.

पातेलं मात्र शंभर पानांचं होतं. तसल्या पातेल्याचा तळ बाहेर उभं राहून घासता येत नाही, आत उतरावं लागतं.