आर्नो काझनाव मागे हटला तेव्हा

आर्नो काझनावला आपल्या मानेचा भारी अभिमान. शर्टाचं वरचं बटण त्याने आयुष्यात एकदाच लावलं, स्वतःच्या लग्नात, तेही मायलिसने दम दिला म्हणून. दक्षिण फ्रान्समधल्या आमच्या लासाल्ये गावच्या रग्बी संघात चौदा वर्षं तो पहिल्या फळीत उजवीकडे उभा राहिला. स्क्रममध्ये आठाला आठ भिडले, डोक्यांत डोकी अडकली, की त्याच्यासमोर आलेल्याची धडगत नसायची. "मागे कसं जातात ते माझ्या पायांना कुणी शिकवलंच नाही," असं तो खुशाल सांगायचा. आणि त्याला खोटं पाडायची आमच्या गावात कुणाची टाप नव्हती.

मूळचा वरच्या डोंगरातला, मेंढपाळाचा पोरगा. तोतोनकाका, म्हणजे गावातले सगळ्यात जुने खेळाडू, मेंढा विकत घ्यायला वर गेले आणि मेंढा राहिला बाजूला, या पोराला गाडीत घालून घेऊन आले. पुढे खेळाला पगार सुरू झाला तेव्हा बाप म्हणाला, "ढकलाढकलीचे पैसे देतात? मग वेडा कोण, ते का तू?"

"ते!" आर्नो म्हणाला, आणि सही ठोकून मोकळा झाला.

त्याच्या तोडीचा एकच गडी होता, बास्क मुलखातला पेयो. तेरा वर्षं दोघं एकमेकांसमोर वाकले. आत एकमेकांचे कान चावायचे, आया-बहिणींचा उद्धार करायचे, आणि सामना संपला की शेजारी बसून बदकाच्या तंगड्या ओरपायचे. पहिल्या फळीचा कायदाच आहे तो. दुसरा कायदा असा, की आत जे ऐकलं ते आतच राहायचं. बायकोलासुद्धा सांगायचं नाही.

त्या वर्षी मे महिन्यात शेवटचा सामना पेयोच्याच संघाशी पडला. जिंकेल तो वरच्या गटात जाणार. क्लबचे अध्यक्ष लाबारेर, औषधाच्या दुकानाचे मालक, आर्नोचा पुढच्या वर्षीचा करार दाबून बसले होते. "पस्तीस झाली तुला. आधी जिंकून दाखव, मग बघू."

"बघा की, डोळे भरून बघा!" आर्नो हसला. त्याला कसली धास्ती!

पंचाहत्तरावं मिनिट. आम्ही एका गुणाने पुढे. आमच्याच खांबांसमोर स्क्रम लागला आणि आर्नो असा काही घुसला, की पेयोची पाठ कमानीसारखी वाकली. आणखी एक रेटा, की काम फत्ते. तेवढ्यात त्याच्या कानाशी पेयो कुजबुजला, "आर्नो, माझे हात गेले. त्यांना काही जाणवत नाहीये."

तेरा वर्षांत पेयो आत कधी खोटं बोलला नव्हता. आर्नोने पकड सोडली आणि सरळ मागे होऊन उभा राहिला. भर मैदानात, दहा हजार लोकांसमोर! स्क्रममधून असं उठणं म्हणजे नियमभंगच. शिट्टी वाजली, पंचांचा हात आमच्याविरुद्ध गेला, त्यांच्या गड्याने चेंडू खांबांमधून मारला. तीन गुण. दोन गुणांनी गेलो आम्ही. पेयो दोन मिनिटांत हळूच बाहेर गेला. जाताना त्याने आर्नोकडे बघून ओठ घट्ट मिटले. आर्नो काय ते समजला.

मग गावाने त्याला धारेवर धरलं. मायलिसचं कॅफे चौकातच, त्यामुळे रोजचा मारा घरपोच.

"मायलिस, कॉफी दे. आणि नवऱ्याला उठवू नकोस हो, तो आपणहून उभा राहतो!"

मायलिसने एकदाच विचारलं, "काय झालं होतं रे?"

"दमलो होतो."

"तू? खोटं बोलायचं तर आधी नीट शिकून घे." पुन्हा तिने विषय काढला नाही.

करार अर्थातच आला नाही. "वय कुणाला चुकलंय, आर्नो," लाबारेर भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. आर्नोला झोंबलं. डोळ्यांत पाणी यावं इतकं झोंबलं. पण मान तशीच ताठ. रोज सकाळी तो त्याच चौकातून, त्याच चालीने पळायला जायचा. आपण काय केलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

ऑगस्टमध्ये एका सोमवारी, बाजाराच्या दिवशी, कॅफे तुडुंब भरलेलं असताना पेयो आत आला. खांदे उतरलेले, कपडे अंगावर लोंबणारे.

"जिवंत आहेस होय, गाढवा?" आर्नो ओरडला, आणि त्याला ओढून शेजारी बसवलं.

मायलिसने दोन ताटं वाढली. पेयोने डाव्या हातात काटा धरला. उजवा मांडीवर तसाच. सुरी ताटाशेजारी पडलेली. आर्नोने त्याचं ताट आपल्या पुढ्यात ओढलं आणि बदकाचं मांस हाडापासून सोडवून बारीक कापायला लागला.

पलीकडच्या टेबलावर तोतोनकाकांचा घास हातातच राहिला. "हात असा कधीपासून रे?"

"जेवू द्या त्याला, काका," आर्नो म्हणाला.

"मे महिन्यापासून," पेयो म्हणाला. "मान गेली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रेटा बसला असता तर जन्मभर चाकाच्या खुर्चीत."

"कितव्या मिनिटाला?"

पेयोने आर्नोकडे पाहिलं. आर्नो मान खाली घालून मांस कापत होता.

"पंचाहत्तराव्या."

ते मिनिट गावात शेंबड्या पोरालाही पाठ होतं. काउंटरशी लाबारेर पेला हातात धरून उभे होते, तो त्यांना खाली ठेवताही येईना. तोतोनकाकांनी डोक्यावरची टोपी काढली. मायलिस तोंडाला पदर नाही म्हणून फडकंच लावून मोरीकडे वळली.

आर्नोने ताट पेयोपुढे सरकवलं.

"खा रे. गार झालं की चरबी थिजते."