पुतळ्याचं तोंड

बायको वारली, तिलाही कधी सांगितलं नाही. पोरांना तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय — ते माझं मलाही उमगत नाही. पण आता गप्प बसवत नाही.

औरंगपुऱ्यात राणोजीभाऊंचा ब्राँझचा पुतळा आहे. मेंढपाळांचा बंधुसंघ त्यांनी उभा केला. संघात लहानथोर सगळे एकमेकांना भाऊच म्हणायचे. निजामाच्या अमदानीतच ते वारले. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, तसं आम्ही पुतळ्याचं मनावर घेतलं. चार बुकं शिकलेला म्हणून मी समितीचा चिटणीस.

मूर्तिकारानं फोटो मागितला. भाऊंनी उभ्या जन्मात फोटो काढला नव्हता. मग मी एक फोटो दिला. कुणाचा? — थांबा, आधी वहिनींचं सांगतो.

वहिनी म्हणजे भाऊंची बायको. फर्दापूरकडं शेरडं राखायच्या. पुतळा होणार हे कळल्यापासून त्यांचा एकच धोशा, "मला त्येंचं तोंड येकदा बघू द्या." अनावरणाला त्यांना पुढं बसवलं. पडदा सरला, टाळ्या झाल्या. त्या उठून जवळ गेल्या, बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आमचं माणूस नाय."

त्यांच्या काळी बायका वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याकडं मान वर करून बघत नसत. नेमकं तेच मला आठवलं — नको तिथं कशी अक्कल चालते माणसाची? मी सगळ्यांदेखत हसत म्हणालो, "वहिनी, तुमचा पदर कधी कपाळावरनं हलला का? भाऊंचं तोंड नीट पाहिलं तरी होतं का तुम्ही?"

लोक खो खो हसले. त्यांनी पदर ओढून घेतला आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसल्या.

तो फोटो माझ्या बापाचा होता. निजामाच्या पोलिसांच्या धरपकडीच्या भीतीनं संघ सोडून घरात दडून बसलेला माझा बाप. फोटो जुना, पुसट; पटका, मिशा भाऊंसारख्याच; बाकीच्यांनी माना डोलावल्या. आपल्या बापाला चौकात हार पडावेत, असं मला वाटलं — म्हणून दिला. चुकून नाही. जाणूनबुजून.

दर पुण्यतिथीला वहिनी यायच्या. शेवटच्या खेपेला फार थकल्या होत्या. पायरीवर बसून मला जवळ बोलावलं.

"भाऊजी, तुमचंच खरं आसंल. आदी डोळे मिटले की त्येच यायचे. आता मिटले तरी ह्योच येतो. आमचं माणूस येतच नाय."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी त्यांना हाताला धरून उठवलं, टांग्यात बसवलं. आणि माघारी फिरताना, सवयीनं, पुतळ्याला हात जोडले.