काठमांडूच्या मैदानावर परवचा

त्या शुक्रवारी सकाळी स्नान करून मी पूजेला बसलो, तेव्हा देव्हारा रिकामा होता. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती आणि शाळिग्राम हे आमचे चारही देव एका पितळी पातेल्यात पाण्याखाली होते, आणि पत्नी त्यांच्यापुढे हात जोडून उभी होती. नात सुखरूप परत आल्याशिवाय त्यांना बाहेर काढायचे नाही, असा तिचा निश्चय झाला होता.

“अगं, देवांवर ही सक्ती कशाला? परमेश्वराला असं ओलीस धरू नये.”

“ओलीस कुठं धरलंय? जागं ठेवलंय. तुम्ही तिथं मैदानावर डोळे मिटून जप करत बसाल. कुणीतरी जागं असायला नको का?”

वाद वाढवण्याची ती वेळ नव्हती. मी पाण्यावरच गंध-फूल वाहिले आणि प्रवासाची पिशवी उचलली.

आमची नात त्या वेळी दिल्लीच्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती. मुलाची सरकारी नोकरी बदलीची, म्हणून ती लहानपणापासून गाझियाबादला आमच्यापाशीच राहिली. विद्यापीठाच्या रग्बी क्लबात ती खेळत असे. या खेळात चेंडू पोटाशी धरून धावणाऱ्या खेळाडूला समोरचीने कमरेला मिठी घालून जमिनीवर पाडायचे असते, आणि हे नियमांना धरून असते, हे समजून घ्यायलाच मला पुष्कळ काळ लागला. मनाला ते पटले असे आजही म्हणवत नाही.

त्या वर्षी थंडीत सरावाच्या वेळी तिचे डोके एका मैत्रिणीच्या गुडघ्यावर आदळले होते. पुढे कित्येक दिवस तिला उजेड सोसत नसे. भर दुपारी पडदे ओढून ती पडून राही आणि आम्ही दोघे घरात पावलांचा आवाजही न करता वावरत असू. डॉक्टरांनी यथावकाश खेळण्याची मोकळीक दिली, पण एक गोष्ट बजावून सांगितली होती. डोक्याला पुन्हा मार बसला आणि ती तशीच खेळत राहिली, तर जिवावर बेतू शकते. आणि अशा वेळी आपल्याला काही झाले आहे हे त्या मुलीला स्वतःला कळेलच असे नाही.

म्हणून क्लबाने काठमांडूचा दौरा ठरवला, तेव्हा मुलगा फोनवर मला म्हणाला, “बाबा, तुम्ही सोबत जात असाल तरच माझी परवानगी. आणि जराही शंका आली तर तिला बाहेर काढायचं. ती ऐकणार नाही. तुम्ही काढायचं.”

दौरा शनिवार-रविवारचा, दोन्ही दिवशी एकेक सामना. मी होकार दिला. त्या होकारात पशुपतिनाथाच्या दर्शनाची ओढही होती, हे सांगायला हवे. रविवारी पहाटे मंदिरात जाण्यासाठी मी एक गाडीही ठरवून ठेवली होती.

विमानतळावर नातीने मला बाजूला घेतले.

“आबा, रूल्स ऐका. मैदानात यायचं नाही. मोठ्यानं स्तोत्र म्हणायचं नाही. आणि टीमसमोर मला ‘बाळ’ बिल्कुल नाही म्हणायचं.”

“मग काय म्हणू?”

“सात नंबर. सगळे तेच म्हणतात.”

तिच्या संघातली एक हरियाणवी मुलगी माझे धोतर आणि उपरणे न्याहाळत म्हणाली, “दादाजी, आप भी बूट लाए हो? एक प्लेअर कम है हमारे पास.” सगळ्या हसल्या, मीही हसलो.

विमानाने धावपट्टी सोडली तशी नातीने माझा हात घट्ट धरला आणि ओठांतल्या ओठांत सुरू केले, “अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी...” ही तिची लहानपणापासूनची सवय. आमच्या घरी दिवेलागणीला परवचा म्हटला जाई. पाढे ती टाळायची, परंतु सत्तावीस नक्षत्रे तिला शाळेत जाण्याआधीच मुखोद्गत झाली होती. इंजेक्शन असो, वीज कडाडो, परीक्षेचा निकाल असो, ती घाबरली की नक्षत्रे म्हणे, आणि जितकी भीती अधिक तितका उच्चार स्पष्ट होई. तिच्या तोंडून मी कधी एक नक्षत्र चुकलेले ऐकले नव्हते.

शनिवारचा सामना तिथल्याच एका विद्यापीठाच्या मुलींशी होता. सात-सात जणींचा खेळ, डाव अगदी आखूड. मी मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसलो. जपमाळ पिशवीतच ठेवली, कारण पत्नीचे शब्द कानात होते. डोळे मिटायचे नाहीत. खेळ मला कळत नव्हता. मी फक्त पाठीवरचा सातचा आकडा पाहत होतो. तो खाली जाई, माझा श्वास थांबे. तो वर येई, मी श्वास सोडी.

मध्यंतराच्या थोडे आधी एक धिप्पाड मुलगी चेंडू घेऊन धावत आली. नातीने तिला कमरेला मिठी घातली आणि दोघी एकदम कोसळल्या. नातीचे डोके त्या मुलीच्या कुशीवर आपटताना मी पाहिले. दुसरी उठली. सात नंबर उठायला वेळ लागला.

एवढ्यात शिट्टी झाली आणि मुली पाणी प्यायला कडेला आल्या. प्रशिक्षक फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, आणि कर्तव्यात कसूर करणारे मुळीच नव्हते. त्यांनी लगेच तिला समोर उभे करून विचारले, “कौन सा शहर? किससे मैच है? स्कोर क्या है?” तिने तिन्ही उत्तरे अचूक दिली. त्यांनी तिच्या डोळ्यांत निरखून पाहिले, खांद्यावर थाप मारली. “ठीक है. शाबाश.”

माझ्या जिवाला मात्र स्वस्थता वाटेना. मी उठून तिच्यापाशी गेलो.

“बाळ, नक्षत्रं म्हण.”

त्या संबोधनावर तिने डोळे वटारले नाहीत. तीच मला पहिली खूण वाटली.

“आत्ता? आबा, यार...” असे पुटपुटून तिने सुरुवात केली. अश्विनीपासून मघापर्यंत ठीक आली. मग, “पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती... हस्त, चित्रा, स्वाती... हस्त, चित्रा...” ती थांबली आणि माझ्याकडे पाहून हसली, जणू सारी म्हणून झाली होती.

मी प्रशिक्षकांकडे वळलो. “इसे मत खिलाइए.”

“बाबूजी, मैंने चेक किया है. नक्षत्र तो मुझे भी नहीं आते.”

“आपको कभी नहीं आते थे. इसे पाँच साल की उम्र से आते हैं. ये कभी नहीं चूकती.”

माझ्या भीतीनेच मला ही चूक ऐकवली असेल का? ती नुसती दमली असेल तर? शिट्टी वाजायला क्षणभराचा अवकाश होता. प्रशिक्षकांनी एकवार माझ्याकडे, एकवार तिच्याकडे पाहिले, आणि राखीव मुलीला हाक मारली.

इस्पितळात यंत्रांवर तपासण्या झाल्या. आत रक्तस्राव नव्हता. पण तिथल्या डॉक्टरांनी उद्याचा सामना बंद केला, पंधरा दिवस संपूर्ण विश्रांती सांगितली, आणि तिला एकटी सोडू नका, असेही बजावले. मी गाडीवाल्याला उद्या येऊ नकोस म्हणून कळवले.

रविवारी सकाळी संघ मैदानावर गेला. आम्ही दोघेच हॉटेलच्या खोलीत राहिलो, पडदे ओढून. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“जा ना तुम्ही मंदिरात,” ती म्हणाली. “तुमचं काम तर झालं.”

मी तिच्या उशाशी पाण्याचा पेला ठेवला.

“लास्ट टूर होती आबा. सरांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी बरोबर दिली होती, मुलींनी सांगितलं मला. तुम्हीच घाबरलात.”

मी घाबरलो होतो हे सत्यच होते. हॉटेलच्या माणसाला पशुपतिनाथाची दिशा विचारली, आणि खोलीतूनच त्या दिशेला नमस्कार केला. मागितले एवढेच, की माझ्या भयाने या मुलीचे काही हिरावून घेतले असेल तर ती मला क्षमा करो. आणि तसे नसेल, तर देवा, पुढचे तू सांभाळून घे.

दुपारी संघ परतला. मुली थोडक्यात हरल्या होत्या. नातीने गुण विचारले आणि पुन्हा भिंतीकडे वळली. परतीच्या विमानात तिने माझा हात धरला नाही, की नक्षत्रेही म्हटली नाहीत.

गाझियाबादला घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पत्नी समईत तेल घालत होती. आमचे चेहरे पाहून ती तशीच उठली. “काय झालं?”

मी सारे सांगितले. तिने नातीच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला आणि मग मला विचारले, “आली एकदाची घरी. काढू का देव बाहेर?”

मी काही म्हणण्याआधी, दारातच बूट हातात धरून उभ्या असलेल्या नातीने सुरुवात केली. “अश्विनी, भरणी, कृत्तिका...” आवाज थकलेला होता. “...हस्त, चित्रा, स्वाती.” ती थांबली आणि तिने दाराच्या चौकटीला हात टेकला. माझ्या ओठांवर पुढचे नक्षत्र आले होते, पण मी ते गिळले.

“विशाखा,” ती म्हणाली, आणि सावकाश रेवतीपर्यंत पोहोचली.

मग बूट खाली ठेवून तिने विचारले, “आबा, काल मी कुठं अडकले होते?”

“स्वातीनंतर पुन्हा हस्तावर गेलीस. परत परत.”

“मला आठवत नाही.” तिचा आवाज एकदम लहान झाला. “तुम्ही मला नक्षत्रं विचारलीत, हेच आठवत नाही. सरांनी विचारलेलंही नाही. ती मोठी मुलगी धावत येताना आठवते, आणि नंतर एकदम इस्पितळ. मी खेळले असते ना, आबा. मला काही कळलंच नसतं.”

पत्नीने तिला जवळ घेतले आणि रडू दिले. थोड्या वेळाने पदराने तिचे डोळे पुसत ती देव्हाऱ्याकडे वळली आणि पातेल्यात हात घालू लागली.

“राहू देत,” मी म्हणालो. “डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितले आहेत.”

“अहो, आणि ओलीस धरू नये ते?”

“जागे राहू देत.”

मी पातेले उचलून मोरीपाशी नेले, आधीचे पाणी तुळशीसाठी तांब्यात काढून घेतले, आणि देवांवर ताजे पाणी घातले.