धुरातली अंडी

आयुष्यभर त्याने पत्रा कापला, पत्रा वाकवला आणि मोठमोठ्या इमारतींच्या छतांमधून गार हवा खेळवणारे चौकोनी बोगदे बनवले. पण नाव झालं ते अंड्यांमुळे. कारखान्यात तो चारचौघांतला एक. राहत्या इमारतीत मात्र तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळे त्याला ‘धुरंधर’ म्हणायचे. हे नाव शेजारच्या नर्सने ठेवलं होतं आणि त्याला ते मनापासून आवडलं होतं.

अंड्यांचं वेड त्याला लावलं एका फोरमनने. हा फोरमन दूरच्या मुलखातून आलेला, तोंडाने फटकळ पण हाताने मोकळा. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने डब्यातलं एक अंडं मधोमध कापून याच्या तळहातावर ठेवलं. बाहेरून खिम्याचं जाड तांबूस जाकीट, आत पांढरं, त्याच्या आत जेमतेम धरलेला पिवळा बलक, आणि सगळ्याला लाकडाच्या धुराचा वास. तळलेलं नाही, धुरावर सावकाश शिजवलेलं. धुरंधराने एक घास खाल्ला आणि तिथल्या तिथे फोरमनला गुरू केलं. फोरमनच्याच परवानगीने कारखान्यातले उरलेले स्टीलचे तुकडे घरी आणले, त्यांचं कमरेइतकं उंच पिंप बनवलं, आत जाळ्या बसवल्या, वर झाकण, झाकणाला धूर जायला भोक. इमारतीच्या मागच्या अंगणात भिंतीच्या कडेला ते पिंप ठेवलं आणि दर सुट्टीच्या दिवशी ते पेटू लागलं.

सुरुवातीला फजिती व्हायची. खिमा तडकायचा आणि आतलं अंडं खिडकीतून डोकावल्यासारखं बाहेर बघायचं. मग त्याला कळलं की अंडं सोलल्यावर पुसून कोरडं करायचं, हात ओला ठेवायचा, तळहातावर खिम्याची चपटी वाटी करायची, अंडं आत ठेवून कडा मिटवायच्या आणि सांध्यावरून अंगठा फिरवायचा. पत्र्याचा सांधा जुळवणाऱ्याला हे जमायला किती वेळ लागणार! वरून ब्रेडचा चुरा. मग पिंपात फळझाडाच्या लाकडाच्या ढलप्या. पण खरी गोम धुरात. पहिला धूर दाट, पांढरा आणि कडू. तो जाऊ द्यायचा. मग वास बदलतो, गोडसर होतो. तेव्हाच अंडी आत ठेवायची.

“हे नाकाचं काम आहे,” तो ऐटीत सांगायचा. “इथे घड्याळ काही कामाचं नाही.”

शेजारी ताटल्या घेऊन अंगणात जमायचे. गप्पा, हसणं, वाहवा. बायको घरात खिमा तयार करायची, अंडी सोलायची, वर-खाली करत चुरा, पाणी, कांदा, पाव पोचवायची आणि सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं, फुटकं अंडं उभ्या उभ्या खायची. तिला एक मोठी बहीण होती. बसने तासाभराच्या अंतरावर, एका तळ्याकाठच्या गावात राहायची. सुट्टी जवळ आली की तिचा फोन यायचा. बायको रिसीव्हरवर हात ठेवून विचारायची, “अहो, ताई म्हणतेय, या वेळी तरी दोघं या.” तो म्हणायचा, “अगं, लोकांना शब्द दिलाय. पुढच्या वेळी नक्की.” त्याच्या मनात खोट नव्हती. त्याला खरंच वाटायचं की पुढच्या वेळी जाऊ. अधूनमधून बायको एकटीच जाऊन यायची. तीस वर्षं अशीच सरली. गेल्या हिवाळ्यात ताई गेली. तेव्हा तो अंत्यविधीला गेला, गर्दीत मागे उभा राहिला आणि संध्याकाळच्या बसने परतला.

त्याच सुमाराला तो निवृत्त झाला आणि थोड्याच दिवसांत तापाने अंथरुणाला खिळला. ताप उतरला, पण जाताना नाकातलं सगळं घेऊन गेला. कॉफी म्हणजे नुसतं कढत पाणी, साबण म्हणजे नुसता गुळगुळीतपणा. डॉक्टर म्हणाले, “येईल परत. कदाचित नाहीही येणार.” त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही. धुरंधराचं नाक गेलं हे तोंडाने सांगायचं तरी कसं?

बरा झाल्यावर त्याने सगळ्या इमारतीला बोलावणं केलं. ढलप्या संपल्या होत्या म्हणून कोपऱ्यावरच्या सुताराने पोतंभर तुकडे दिले. पिंप पेटलं, धूर निघाला, अंडी आत गेली. नेहमीसारखी तांबूस झाली. सगळ्यांनी ताटल्या पुढे केल्या. नर्स म्हणाली, “वा, धुरंधर परत आले!” पण त्या दिवशी दुसरं अंडं कुणी मागितलं नाही आणि सगळ्यांना एकाएकी घरची कामं आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कचऱ्याचा डबा रिकामा करायला खाली गेला. मोठ्या डब्याचं झाकण उचललं तर आत वरच अंडी पडलेली. काही कागदी रुमालात गुंडाळलेली, काही तशीच. प्रत्येकाचा एकेकच घास घेतलेला. त्याने झाकण लावलं.

वर येऊन त्याने विचारलं, “काल कशी झाली होती अंडी?”

बायको भांडी पुसत होती. “वार्निशासारखी लागत होती. त्या पोत्यात जुन्या खुर्च्यांचे तुकडे होते, रंग लावलेले. अंगणभर घाण वास सुटला होता. मला वाटलं, तुम्हाला समजलंच असेल.”

“मग बोलली का नाहीस?”

“अंगणातल्या कामात मी कधी बोललेय?”

मग त्याने सांगितलं. नाक गेल्याचं, ताप उतरल्यापासून रोज सकाळी साबण हुंगून बघत असल्याचं. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. रागावली नाही. म्हणाली, “वासाचं मी बघेन. मला येतो वास.” आणि जरा थांबून, “पण इथे नको. आपण ताईच्या घरी, भाऊजींकडे जाऊ. ते एकटेच असतात.”

या वेळी त्याने सबब काढली नाही. पिंपाचे नटबोल्ट सोडले, जाळ्या पोत्यात बांधल्या आणि ओळखीच्या टेम्पोत सगळं चढवून दोघं तळ्याकाठच्या त्या घरी पोचले. साडू दारात उभाच होता. बारीक झालेला, पण दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला.

“या, या. अखेर पाय लागले म्हणायचे तुमचे,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

घरामागे उतार होता आणि खाली पाणी. पिंप पुन्हा जोडलं. बायको स्टूल घेऊन त्याच्याशेजारी बसली. तीस वर्षांत पहिल्यांदाच. “अजून कडू आहे,” ती म्हणाली. मग, “अजून नाही.” मग डोळे मिटून, “हं, आता ठेवा.” त्याने अंडी ठेवली. ती चहा टाकायला आत गेली तसा साडू जवळ सरकला.

“एक विचारू? राग येणार नसेल तर.”

“विचारा की.”

“तुमच्या लग्नात आमची ही काहीतरी बोलली होती, ते तुम्ही मनात ठेवलं होतंत का?”

त्याला काहीच आठवेना. “काय बोलल्या होत्या?”

“तुमच्या हातांवरून. पत्र्याच्या कामाने काळे पडले होते ना. ती धाकटीला म्हणाली, ‘याचा हात धरलास की साबणाचा खर्च वाढला बघ!’ सगळे हसले होते. तुम्ही नेमके मागेच उभे होतात. नंतर तुम्ही कधी आलाच नाहीत. हिने ते मनाला लावून घेतलं. शेवटपर्यंत म्हणायची, माझी जीभच वाईट, चांगला माणूस दुखावला.”

“पण मी तर अंड्यांसाठी...” तो बोलू लागला. तीस वर्षांच्या गैरहजेरीपुढे ठेवायला हे एवढंच होतं त्याच्याकडे. “मला राग नव्हता हो. मी तर ऐकलंही नव्हतं. ऐकलं असतं तर हसलो असतो.”

“तिला हे सांगायला हवं होतं,” साडू म्हणाला.

चहा घेऊन आलेल्या बायकोला त्याने विचारलं, “तुला माहीत होतं?”

तिने कप खाली ठेवले. “ताई दर वेळी विचारायची. मी म्हणायचे, नाही गं, त्यांच्या मनात काही नाही. ती म्हणायची, मग येत का नाहीत? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.”

“मला तरी सांगायचंस.”

“एकदा सांगायला आले होते अंगणात. तुम्ही नर्सबाईंना धूर कसा ओळखायचा ते समजावत होतात. मला म्हणालात, आधी ताटल्या आण.”

हेही त्याला आठवत नव्हतं. आठवत असतं तर बरं झालं असतं. निदान आपल्या चुकीची ओळख तरी असती. एखादी बस पकडून, एकदा या घरात येऊन, चहा पिऊन गेला असता तरी त्या बाईच्या मनातला काटा निघाला असता. त्याला बोलायचीही गरज नव्हती. नुसतं यायला हवं होतं.

अंडी तयार झाली. साडूने एक गरम गरम कापलं, बलक हळूच ओघळला. दोन अंडी संपवून तो म्हणाला, “धाकटी ही अंडी डब्यातून आणायची तेव्हा ती थंड असायची. तव्यावर गरम करून खायचो आम्ही. हे वेगळंच आहे.” बायकोनेही एक खाल्लं, बसून, सबंध. धुरंधराच्या जिभेला फक्त मीठ आणि ऊब जाणवली.

नाक काही परत आलं नाही. पिंप त्याने साडूच्या घरामागेच ठेवलं. आता सुट्टी आणि कामाचा दिवस सारखेच झाले आहेत, त्यामुळे वाटेल तेव्हा दोघं बसने येतात. बायको धुराजवळ बसते आणि साडूला ताईच्या लहानपणच्या खोड्या सांगते. ताई शाळेची घंटा लपवायची, मास्तरांच्या चालण्याची नक्कल करायची. धुरंधर ओल्या हातावर खिमा थापत सगळं कान देऊन ऐकतो, मध्येच विचारतो, “मग पुढे काय झालं?” जिच्या घरी बसून तो हे ऐकतो, तिच्याशी त्याचं आयुष्यात दहा वाक्यंही बोलणं झालं नव्हतं. त्याला ती आता आवडू लागली आहे.